निरोपाची पोच

आप्पांनी मला दोन वर्षांत शंभर-सव्वाशे निरोप दिले असतील, पण त्यातला एकही उभ्याउभ्या दिला नाही. आधी बसायचं. मग तांब्यातलं पाणी प्यायचं, तहान असो वा नसो. पाणी पिऊन झालं की ते समोरच्या लाकडी खुर्चीत ताठ बसत, टोपी सारखी करत, डोळे मिटत आणि माझ्या वडिलांच्या आवाजात बोलायला लागत.

आवाजात म्हणजे अगदी आवाजात. माझे वडील अहमदपूरजवळच्या एका खेड्यात मास्तर होते आणि प्रत्येक वाक्याला "काय?" जोडायची त्यांना सवय होती. आप्पा ते "काय?" जिथल्या तिथं टाकत. मधे वडील शिंकले असतील तर शिंकतही.

"सायकल जपून चालव, काय? दिवाळीला दोन दिवस आधी ये, काय? इथं एक बस गेली. अहमदपूर-उदगीर असावी. चार-पाच शब्द ऐकू आले न्हाईत. ते मी भरले न्हाईत. पुढं म्हणले, हे तुझ्या आईला कळवू नको, काय?"

आईला काय कळवायचं नव्हतं ते त्या बसखाली गेलं. दिवाळीत घरी गेल्यावर वडिलांना गुपचूप विचारलं, तर त्यांनाही आठवेना. आईला मात्र आम्ही दोघं काहीतरी लपवतोय याचा वास आला आणि तिनं सगळा सण फुगून काढला.

मी डॉक्टर व्हायला लातूरला आलो होतो. तेव्हा ज्याच्या पोराला दहावीत बरे मार्क पडले, तो प्रत्येक बाप पोराची ट्रंक आणि वळकटी बसच्या टपावर टाकून त्याला लातुरात आणून सोडत होता. शिकवण्यांचं नुसतं पेव फुटलं होतं. ज्याच्या घरामागं चार हात जागा, त्यानं तिथं पत्र्याच्या खोल्या काढल्या होत्या. आप्पांच्या मागच्या अंगणात अशा सहा खोल्या आणि आम्ही अकरा पोरं. माझ्यापुरतं सांगायचं तर मी डॉक्टर झालो नाही. नांदेडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. बेडकापर्यंत पोचलो, माणसापर्यंत पोचायचं राहून गेलं.

आप्पा एका सरकारी कचेरीतून आवक-जावक कारकून म्हणून निवृत्त झालेले. आलेलं टपाल नोंदवायचं, ज्याचं त्याच्या टेबलावर पोचवायचं आणि पोच घ्यायची, म्हणजे मिळाल्याची सही. हे त्यांनी छत्तीस वर्षं केलं. निवृत्तीनंतर दुसरा माणूस गीतापाठ करतो किंवा सुनेशी भांडतो. आप्पांच्या घरी नेमका त्याच महिन्यात टेलिफोन आला.

काळा, तबकडीचा फोन. त्यावर काकूंनी विणलेलं लोकरीचं पांघरूण. तो एक नंबर आमच्या अकरा घरांतल्या डायऱ्यांत, मामा-मावशांच्या भिंतींवर, शिवाय गल्लीतल्या वीसेक घरांच्या लग्नपत्रिकांवर होता आणि त्यापुढं 'पी.पी.' ही दोन अक्षरं. ज्याचा स्वतःचा फोन नाही त्यानं शेजाऱ्याचा नंबर असा द्यायचा, ही तेव्हाची रीत. बाकीचे शेजारी कुरकुरत बोलावणी करत. आप्पांनी त्याची कचेरी केली.

घंटा वाजली की ते आधी टोपी घालत. मग फोन उचलून म्हणत, "बोला, लिहून घेतोय." हॅलो नाही, कोण पाहिजे नाही. मात्र ते मजकूर लिहीत नसत. एका लांबट वहीत फक्त नोंद होई: कुणाचा, कुणाला, किती वाजता. शेवटी ते पलीकडच्याला विचारत, "साधा का तातडीचा?" त्याप्रमाणे 'सा' किंवा 'ता' पडे. मजकूर डोक्यात ठेवायचा. वहीत लिहिला तर तो कुणीही वाचेल, असं त्यांचं म्हणणं.

"टपाल जसं आलं तसं द्यायचं असतं," ते सांगत. "पाकीट फोडायचं न्हाई अन् चुरगाळायचं बी न्हाई."

"पण आप्पा, खोकला कशाला देता?"

"तो त्याच पाकिटात आला होता ना बे? मी कोण काढून घेणारा?"

निरोप देऊन झाला की वही पुढं यायची. आम्ही पोच म्हणून सही करायची आणि मग आप्पा लाल पेन्सिलीनं ती ओळ पट्टीनं छेदायचे. ती रेघ ओढताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते मी नंतर फक्त चांगलं जेवलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

नियम आणखी होते. एकाचा निरोप दुसऱ्याजवळ द्यायचा नाही, सख्खा भाऊ असला तरी. निरोप एकदाच सांगायचा. आणि साधा निरोप संध्याकाळी सातनंतर द्यायचा नाही, पोरांचा अभ्यास मोडतो. तातडीचा मात्र कुठंही, कधीही. आमच्यातल्या एकाच्या बहिणीला मुलगा झाल्याचा निरोप तातडीचा म्हणून आला, तर आप्पा सायकलवरून थेट शिकवणीच्या वर्गावर गेले. दोनशे पोरं, फळ्यावर सर, आणि दारात टोपी घातलेले आप्पा, हातात घरून आणलेला पाण्याचा तांब्या. सरांनी विचारलं, "काय आहे?" आप्पा म्हणाले, "तुमचं न्हाई." त्या पोराला बाहेर पायरीवर बसवलं, पाणी पाजलं, आणि त्याच्या आईच्या रडक्या-हसऱ्या आवाजात मामा झाल्याचं सांगितलं. खिडक्यांत दोनशे डोकी जमली होती. त्यात एक सरांचं होतं.

दुसरा एक देगलूरचा होता. त्याची आजी फोनवर रागावली की मराठी सोडून तेलुगूवर जायची. आप्पांना तेलुगूचा गंध नव्हता. पण टपाल ते टपाल. त्यांनी डोळे मिटले आणि आजीच्या किरट्या आवाजात शब्दाला शब्द सांगत गेले, शेवटी तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "ई मुसलोडिकी एमी अर्थं कादु."

देगलूरकर खाटेवर आडवा पडून हसायला लागला.

"काय झालं? काही चुकलं का माझं?"

"न्हाई आप्पा, बिलकुल बरोबर हाय. आजी म्हणून राहिली, ह्या म्हाताऱ्याला काही कळत न्हाई."

आप्पांनी थोडा विचार केला. मग वही पुढं केली. "कर सही. निरोप पोचला का न्हाई?"

अकराजणांत एक बालाजी होता. औशाच्या पलीकडं, किल्लारीच्या बाजूच्या एका गावचा. उंच, डाव्या भुवईवर पडल्याची खूण, आणि निळा चौकटीचा एकच बरा शर्ट. आमच्यात सगळ्यात हुशार तोच. पण पहिल्याच चाचणीत आपटला आणि त्यानं घरी पत्र टाकलं की मला हे जमत नाही, मी परत येतो, शेती करतो. पत्र मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. आम्ही दोघं त्यांना घ्यायला बसस्टँडवर गेलो होतो. त्यांनी तिथंच, पंचवीस माणसांदेखत त्याला झापलं. "तुझ्यापाठी मी काय काय करून राहिलो, अन् तू लिवतोस जमत न्हाई?" बालाजी खाली मान घालून उभा. आणलेल्या भाकरीचं गाठोडं त्याच्या हातात कोंबून ते त्याच बसनं परत गेले, खोलीवर आलेही नाहीत. बालाजीनं ते गाठोडं उघडलं नाही. गौरी-गणपतीला तो घरी गेला नाही. घरूनही काही आलं नाही. तो रोज दुपारी शिकवणीहून आला की आप्पांच्या दारावरून हळू चालत जायचा, आणि आप्पा नुसती मान हलवायचे.

विसर्जनाच्या दिवशी दुपारी औशाहून त्याच्या वडिलांचा फोन आला. बालाजी आमच्याबरोबर मिरवणूक बघायला गेला होता. परतलो तेव्हा सात कधीच वाजून गेले होते. वहीत 'सा' होता. आप्पांनी ठरवलं, सकाळी सांगू.

त्या पहाटे काय झालं ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. आम्ही सगळे धडपडत गल्लीत आलो, पत्रे खडखडत राहिले. उजाडल्यावर औशाकडून येणाऱ्या ट्रकवाल्यांनी तिकडच्या गावांची नावं सांगायला सुरुवात केली, आणि बालाजी तसाच, त्या निळ्या शर्टात, मिळेल त्या जीपकडं धावला. आप्पा दारात वही घेऊन उभे होते. तो त्यांच्यासमोरून गेला. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी ते पाहिलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत आणि नंतरही हातातलं टपाल त्यांनी कधी परत ठेवलं नव्हतं. त्या दिवशी ठेवलं.

बालाजीच्या घरातलं कुणी राहिलं नाही. तोही लातूरला परत आला नाही. पंधरा दिवसांनी मुदखेडहून त्याचे मामा ट्रंक न्यायला आले. रेल्वेत होते, घाईत होते. म्हणाले, निरोप माझ्याजवळ द्या. आप्पा म्हणाले, तुमचा न्हाई. पुढं महिन्याभरात आप्पा स्वतः मुदखेडला गेले, तर मामांची बदली होऊन बिऱ्हाड हललेलं. कुठं, ते शेजाऱ्यांना नीट सांगता येईना. आप्पा स्टेशनच्या बाकावर बसून पुढच्या गाडीनं परत आले. त्या वहीत सगळ्या ओळी लाल झाल्या, ती एक सोडून.

आता तुम्हाला वाटेल, आप्पांची गोष्ट फोनबरोबरच संपली असेल. लातूर बदललं. पत्र्याच्या खोल्या जाऊन तीनमजली होस्टेलं झाली, चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे हसरे फलक लागले, आणि प्रत्येकाच्या खिशात फोन आला. काळ्या फोनची घंटा आधी कमी झाली, मग बंदच. आप्पांचा पुण्यातला मुलगा म्हणायचा, आता कनेक्शन काढून टाका. आप्पा म्हणायचे, "एकाजवळ हाच नंबर हाय." मुलानं शेवटी त्यांना मोठ्या पडद्याचा मोबाइल घेऊन दिला, आणि आम्ही जुन्या खोलीवाल्यांनी एक ग्रुप काढून आप्पांना त्यात घेतलं.

इथून आमचे हाल सुरू झाले. ग्रुपवर कुणी लिहिलं की रविवारी मुलीचा साखरपुडा आहे, या. तर पुढच्या तासाभरात आप्पांचा प्रत्येकाला वेगवेगळा फोन. "बस आधी. पाणी प्यालास का?" मी वर्गात बेडकाचं हृदय शिकवतोय आणि आप्पा मला साखरपुड्याचा निरोप लिहिणाऱ्याच्या आवाजात देताहेत.

"आप्पा, मी वाचलंय ते. दोन निळ्या खुणा आल्या ना तिथं?"

"खुणा आल्या म्हणजे तुझ्या फोनला मिळाला. तुला मिळाला कशावरून?"

पोच मात्र हवीच. शेवटी देगलूरकरानं अंगठ्याचं चित्र पाठवलं. मला वाटलं, आता म्हातारा भडकणार. आप्पा उलट खूश झाले. "अंगठा चालतो. आमच्या कचेरीत अर्धा तालुका अंगठ्यावरच चालायचा." सकाळच्या सुविचारांचं मात्र त्यांच्यापुढं काही चाललं नाही. फुलांचं चित्र आणि खाली चार ओळी आल्या की ते पाठवणाऱ्याला तेच परत धाडून खाली लिहीत, 'मूळ प्रेषकाचे नाव नाही. निनावी टपाल स्वीकारले जात नाही.' आमच्या ग्रुपइतका स्वच्छ ग्रुप सबंध मराठवाड्यात नसेल.

एकदा कुणीतरी ग्रुपवर टाइप करायचा कंटाळा आला म्हणून बोलून पाठवलं. मी त्या दिवशी लातूरलाच आप्पांकडं होतो. त्यांनी ते ऐकलं. परत ऐकलं. मग मोबाइल कानाशी धरून तिसऱ्यांदा.

"हा आवाज असाच राहतो?"

"राहतो की."

"खोकल्यासकट? किती वर्षं?"

"कितीही. पुसला नाही तर."

आप्पांनी मोबाइल मांडीवर ठेवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला विसर पडून राहिला रे. परवा काकूच्या माहेरच्या गावाचं नाव आठवेना. तिच्यासमोर आठवेना. बालाजीचं टपाल अजून माझ्याकडंच हाय. ते जायच्या आधी द्यायला पाहिजे. तुमच्या इंटरनेटात माणूस सापडतो म्हणतात. शोध त्याला."

चहा घेऊन आलेल्या काकू मला आत बोलावून म्हणाल्या, "रोज पूजा झाल्यावर डोळे मिटून पाच मिनिटं काहीतरी पुटपुटतात. पंचवीस वर्षं मी समजले स्तोत्र आहे. परवा नीट ऐकलं, तर शेतकऱ्याच्या आवाजात बोलत होते."

मला तेव्हा खरोखर लाज वाटली. खुणांवरून, खोकल्यावरून मी त्यांची इतकी चेष्टा केली होती. आणि हा माणूस दुसऱ्याचं पाकीट चुरगाळू नये म्हणून पंचवीस वर्षं रोज सकाळी ते हातानं सारखं करत होता.

शोधायला बसलो तर लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत बालाजी नावाच्या माणसांना तोटा नाही. दगड मारला तरी बालाजीला लागेल. पंधरा दिवस मी वेगवेगळ्या बालाजींच्या भुवया निरखत बसलो. मग ग्रुपवर एक मजकूर टाकला: भूकंपाच्या वर्षी आमच्याबरोबर लातूरला शिकणारा बालाजी, तेव्हा वय सतरा, उंच, डाव्या भुवईवर खूण, निळा चौकटीचा शर्ट, कुणाला माहीत असल्यास कळवावे; आणि खाली आप्पांचा तोच जुना नंबर. सगळ्यांनी तो पुढं पाठवला. वाटेत कुणा शहाण्यानं वाचायला सोपं जावं म्हणून वरची ओळ काढून टाकली आणि खाली स्वतःची जोडली. दुसऱ्या दिवशी तो माझ्याच कॉलेजच्या ग्रुपवर परत आला: 'बालाजी, वय १७, उंच, निळा चौकटीचा शर्ट, लातूरहून बेपत्ता. कृपया दहा जणांना पाठवा.' खाली आमच्या प्राचार्यांनी हात जोडले होते.

आणि सात-आठ वर्षं मुका झालेला काळा फोन खणखणायला लागला. आप्पांनी टोपी घातली. नवी वही काढली. "बोला, लिहून घेतोय." तीन दिवसांत चाळीस नोंदी. परभणी स्टेशनवर निळ्या शर्टातलं पोरगं वडा खाताना दिसलं. एका ज्योतिषानं पूर्व दिशा सांगितली. उदगीरला तर लोकांनी एक सतरा वर्षांचा बालाजी पकडलाच; तो हरवलेला नव्हता, शिकवणी बुडवून सिनेमाला बसला होता. त्याच्या बापाचे आभाराचे दोन फोन आले. काकू सांगत होत्या, इतक्या आनंदात मी ह्यांना रिटायर झाल्यापासून पाहिलं नाही.

एक्केचाळिसावा फोन मुदखेडहून आला. तो आप्पांनी मला जसाच्या तसा सांगितला, बालाजीच्या आवाजात. तो आवाज आता जाड झाला होता.

"आप्पा, मी बालाजी. मी हरवलो न्हाई ओ. माझं वय बेचाळीस हाय. माझ्याच पोरीनं दाखवलं मला. बायको म्हणून राहिली, तुम्ही कधी बेपत्ता झालात? मी म्हणलं, नंबर आप्पांचा हाय, म्हणजे खरंच झालो असन."

मामांच्या बदलीबरोबर तो नागपुराकडं गेला होता, पुढं सतरा गावं फिरून मुदखेडलाच परत आला होता आणि आता पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान चालवत होता. त्यानं साहजिकच म्हटलं, काय निरोप होता, सांगा की फोनवरच. आप्पा म्हणाले, "फोनवर तू बसलास का उभा हाईस, मला काय दिसतं?"

पुढच्या रविवारी आप्पा नांदेडला आले. बसनं, एकटे, त्र्याऐंशी वर्षांचे, पिशवीत ती जुनी वही आणि तांब्या. मी त्यांना गाडीत घालून मुदखेडला नेलं. वाटभर ते डोळे मिटून ओठ हलवत होते. मी रेडिओ लावला नाही.

दुकान रुळांपासून जवळच होतं. बालाजी दारातच उभा होता, पोट सुटलेला, हात काळे, भुवईवरची खूण तशीच. आप्पांच्या पाया पडला. मला मिठी मारली. आप्पा म्हणाले, "आधी बस." तो स्टुलावर बसला. आप्पांनी तांब्या काढला. लातूरहून आणलेलं पाणी. तो प्याला. नियमाप्रमाणे मी बाहेर निघालो, तर बालाजीनं माझा हात धरला.

"तू थांब. बसस्टँडवर तूच होतास." मग आप्पांना म्हणाला, "आप्पा, बापाचा एक फोटो बी न्हाई माझ्याजवळ. सगळं दगडाखाली गेलं. तोंड आठवतं, पण आवाज आठवंना झाला. आठवतं ते त्या दिवशी ओरडला तेवढंच. तसाच गेला तो, माझ्यावर रागावून."

आप्पांनी टोपी सारखी केली. ताठ बसले. डोळे मिटले. घसा साफ केला, पण तो त्यांचा घसा नव्हता.

"आं... हालो. बाल्याला म्हणावं, तुझा बाप बोलून राहिला, औशातून. सणाला आला न्हाईस ते बरं केलास. आता बी येऊ नको. अभ्यास कर. मार्काचं मनाला लावून घेऊ नको म्हणावं. मी त्या दिवशी लई बोललो. माझं डोस्कंच फिरलं हुतं. बसमधी बसलो अन् वाटलं, उतरावं. पर बस निघाली हुती. तुझी माय तवापासून माझ्यासंगं बोलंना. म्हणती, लेकराला भाकर तरी खाऊ द्यायची हुती." आप्पा खोकले. दोनदा, कोरडं, तंबाखू खाणाऱ्याचं. "न्हाईच जमलं तर ये म्हणावं घरी. घर कुटं पळून चाललं? आप्पा, जेवतंय का ओ नीट पोरगं?"

आप्पांनी एक श्वास घेतला. "इथं ट्रक गेला. तीन-चार शब्द ऐकू आले न्हाईत. ते मी भरले न्हाईत. मग मी विचारलं, साधा का तातडीचा? तर म्हणले, साधाच हाय. घाई न्हाई. सकाळच्याला सांगा."

त्यांनी डोळे उघडले. "मी सकाळी सांगणार होतो. पण तू घरी निघाला होतास, अन् निरोपात होतं येऊ नको. माझी जीभ रेटली न्हाई. चूक माझी हाय."

बालाजी गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. रडतोय हे त्याला कळत नसावं, कारण त्यानं डोळे पुसले नाहीत. म्हणाला, "असाच खोकायचा. असाच." आणि मग, लहान पोरासारखं, "अजून एकदा, आप्पा."

निरोप एकदाच, हा नियम मला माहीत होता. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. "काढ तुझा मोबाइल," ते म्हणाले. "ह्या बारीला त्याच्यात घे."

मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. आप्पांनी परत डोळे मिटले, परत घसा साफ केला. "आं... हालो. बाल्याला म्हणावं..." ते 'बसमधी बसलो अन्' इथवर आले आणि एक लांबलचक मालगाडी धडधडत जायला लागली. आप्पा थांबले. डोळे मिटलेलेच, हात मांडीवर. डब्यामागून डबे जात राहिले, कपाटातले स्पॅनर किणकिणत राहिले. शेवटचा डबा जाऊन सगळं शांत झालं, तेव्हा ते पुढचं बोलले, "वाटलं, उतरावं."

झाल्यावर त्यांनी पिशवीतून वही काढली. कडा पिवळ्या पडलेल्या. ती एक ओळ त्यांनी न शोधता उघडली आणि पेन बालाजीच्या हातात दिलं. त्यानं ते धरलं, पण डोळ्यांतल्या पाण्यात ओळच दिसेना, सही काही होईना. दोनदा प्रयत्न करून त्यानं आप्पांकडं पाहिलं.

"राहू दे," आप्पा लाल पेन्सिल काढत म्हणाले. "अंगठा चालतो."